रंजू, नाक मी मुरडलं होतं

रंजू,

शी! काय बोलतात गं ही माणसं. काल तुझं बारावं झालं. गव्हाणला तुमच्या दारात मांडव घातला होता. तुझी चुलत सासू माझ्या शेजारी टेकली आणि तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "तिकट खाऊन खाऊन पोटातली आतरी सडली तिची." दुसरी म्हणाली, "टीबीच व्हता, डाक्टरांनी लपवला." तिसरीने तर आवाज बारीक करून विचारलं, "शेवटाला पोटावर पिशवी लावलेली म्हनं? त्यातून घान यायची?" आणि तिने असं काही नाक मुरडलं की माझं डोकंच फिरलं. तिच्या कानाखाली आवाज काढावा म्हणून मी उठलेसुद्धा होते. मग खाली बसले. कुठल्या तोंडाने मारणार होते मी तिला?

का, ते सांगायला हे लिहितेय. दीड वर्ष ही गोष्ट आपल्या दोघींमध्ये होती. तुला माहीत होती, मलाही माहीत होती. तू एकदाही तोंडावर बोलली नाहीस आणि मी सोयीस्करपणे गप्प बसले.

आपली गाठ पडली तीच मुळी वासावरून. लॅबची सॅम्पल्स आणायला मी गव्हाण फाट्याजवळच्या दवाखान्यात जायचे. परतीच्या सहा आसनी रिक्षात तू पाटी घेऊन चढलीस. शेजारच्या बाईने ओढणी नाकाला लावली आणि कोळणीच्या अंगाला काटे असल्यासारखी ती पुढे जाऊन बसली. मी आपली तुझ्या शेजारी सरकले. तू माझ्याकडे टक लावून बघितलंस. "तुना वास नाय येत?" मी म्हटलं, "बाई, या डब्यात वीस जणांची शी आहे. तुझी मांदेली माझ्यासाठी अत्तर." तू जी हसायला लागलीस ती पनवेल येईपर्यंत. उतरताना माझ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "तुजा न माजा धंदा येकच. लोकं नाक धरतात त्याला आपन हात लावतो." पेपरात गुंडाळून मूठभर जवळा दिलास, तोही माझ्या शी-लघवीच्या डब्यावर ठेवून. दोघींनाही त्यात काही वाटलं नाही.

लॅबमध्ये मी याच एका गोष्टीचा तोरा मिरवत आले. थुंकी, पू, जंत, काही आणा. नवीन आलेल्या पोरी दाराबाहेर पळायच्या तेव्हा मी चहा पीत स्लाइड बनवायचे. "मला कशाचीच किळस येत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आता आठवलं तरी स्वतःचीच शिसारी येते.

पण खरं निर्ढावलेपण तुझ्याकडे होतं. निर्ढावलेपण कसलं, माया म्हण. माझे बाबा शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळले होते. त्या रविवारी तू बोंबील द्यायला आलीस तर आयाने दांडी मारली होती. मी आणि माझा भाऊ खोलीच्या दारात उभे राहून तू-मी, तू-मी करत होतो. होय, मी. स्वतःच्या बापाच्या बाबतीत. तू पाटी बाहेर ठेवलीस, पदर खोचलास, बाबांना कुशीवर वळवलंस, पुसलंस, चादर बदललीस. वर "आजोबा, गोरेपान हाव तुमी," म्हणून त्यांना हसवलंस. मग हात धुऊन म्हणालीस, "च्या कर." तेव्हा मला लाज वाटली होती. तुला बोलून दाखवली नाही, हे आलंच.

मग तुझं पोट दुखायला लागलं. उजवीकडे, खाली. जुलाब, बारीक ताप. लुगड्याच्या निऱ्या दर महिन्याला वाढत गेल्या. पहिल्या डॉक्टरने आतड्याचा टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. त्यालाही फार दोष देत नाही मी. आपल्याकडे टीबी घरोघरी, आणि आतून टीबी नि तुझा खरा आजार जुळ्या भावांसारखे दिसतात. पण नऊ महिने! तुझ्या सासूने तुझं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला. आणि बाजारात कोणीतरी आवई उठवली. दहा वर्षांची गिऱ्हाइकं तुझ्या पाटीवरून नजर चोरून पुढच्या पाटीवर जायची. "टीबीवाली," असं एक बाई तुझ्यासमोर म्हणाली तेव्हा तू कोयती खाली ठेवून, पाटीतली मासळी वर धरून तिला विचारलंस, "मावरं खोकतं काय गो माजं?" मी तिथेच होते. हसले. पण तू मान खाली घातलीस आणि न विकलेल्या मासळीवर पुन्हा पाणी मारत बसलीस. न झालेल्या रोगासाठी तू नऊ महिने वाळीत राहिलीस, आणि ज्यांनी टाकलं ती तोंडं काल मांडवात भजी खात होती.

मग वाशीच्या मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, तुकडे काढले आणि नाव सांगितलं, क्रोन्स. "किरोन? हा कंचा नवीन पावना?" तू म्हणालीस. स्टेरॉइडने तुझं तोंड भाकरीसारखं फुगलं, पण दुखणं पळालं. मग दुसऱ्या गोळ्या आल्या. सहा महिन्यांनी तुझं सीआरपी माझ्याच मशीनवर लावलं. शरीरात कुठे आग पेटली असेल तर रक्तात तो आकडा चढतो. तुझा नॉर्मल आला! कागद घेऊन मी बाजारात अक्षरशः पळत आले. "विझली गं आग! बरी झालीस तू!" तू मासळीच्या हातांनी माझे गाल धरलेस. मीही वेडी, तसेच गाल घेऊन कामावर गेले.

आग विझली होती, हे खोटं नव्हतं. फक्त मला अर्धंच कळलं होतं. दोन महिन्यांत तुझं पोट जेवल्यावर ढोलासारखं फुगायला लागलं. आतून गुरगुर, मुरडा, मग उलटी. डॉक्टरांनी फिल्म लावून दाखवली. लहान आतडं जिथे संपतं तिथे एक जागा पेन्सिलीएवढी अरुंद झाली होती. ते म्हणाले, "आगीचा आकडा रक्तात दिसतो. वणाचा दिसत नाही. आतड्याला वण पडलाय, आणि वणाला औषध नाही. ऑपरेशन करावं लागेल. कदाचित काही दिवस पोटावर पिशवी, शी त्यातच जमेल."

त्या संध्याकाळी तुमच्या ओट्यावर बसून मी तुला समजावत होते. तुझा नवरा समोर जाळं सांधत होता, म्हणून मला ते सुचलं. म्हटलं, आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. जंतू आला की त्या ओरडा करतात, रसायनं सोडतात. या आजारात त्यांचं डोकं फिरतं आणि त्या स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतात. भिंत फाटते. मग त्यांची हाक ऐकून दुसऱ्या पेशी धावतात, सांधणाऱ्या. फायब्रोब्लास्ट म्हणतात त्यांना. त्या कोलॅजनचे धागे विणून फाटलेलं शिवतात. चांगलंच करतात बिचाऱ्या. पण हाक थांबतच नाही, तर यांचं शिवणंही थांबत नाही. गाठीवर गाठ. पुढे तर या पेशी स्वतःच आकसायला लागतात आणि भिंत ओढून घट्ट करतात.

तू म्हणालीस, "पन आता तर ओरडा बंद हाय ना? तूच बोललीस."

"हो. पण भिंत एकदा कडक झाली की तो कडकपणाच त्यांना सांगतो, विणत राहा. राखणदार झोपले तरी यांचे हात चालूच."

तू नवऱ्याकडे बघत राहिलीस. तो मान खाली घालून, न बघता, बोटं चालवत होता. "हां," तू म्हणालीस. "हातांना सवय लागली की भोक नाय दिसलं तरी गाठी मारतच र्‍हातात. मंग ते जालं नाय र्‍हात, घोंगडं व्हतं. पानी पन जात नाय त्यातून." आमच्या मॅडम पॅथॉलॉजीत एमडी आहेत. त्यांनाही मी तुझं हे वाक्य सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, याहून चांगलं मला शिकवता आलं नसतं.

तुला सगळं कळलं होतं, रंजू. ऑपरेशनलाही तू तयार होतीस. "मासलीची आतरी मी रोज काढतंय, माजी येक डाक्टरने काढली तं काय मोठं," असं म्हणालीस. फक्त ती पिशवी तुझ्या डोक्यात बसली होती. आणि मग मी शहाणी. मी म्हटलं, चल, तुला पिशवीवाला माणूसच दाखवते, भीती जाईल.

सुकापूरला सोसायटीत राहणारे, आमच्या लॅबमध्ये येणारे एक निवृत्त काका. त्यांना पिशवी वेगळ्या आजारामुळे लागली होती, पण माणूस मोठा गोड. चहा झाला, बिस्किटं आली. पिशवी लावून आपण फिरायला जातो, भजनाला जातो, असं त्यांनी सांगितलं. मग तुला धीर द्यायला त्यांनी बनियन वर केलं. पिशवी फुगलेली होती. ती नीट करताना तिची कड सुटली.

त्या क्षणी माझ्या हातात बशी होती, बशीत अर्धं भिजलेलं बिस्किट. आणि माझं नाक मुरडलं गेलं. मान खिडकीकडे वळली. एक सेकंद. त्याहूनही कमी. डबीत बंद असलेली, नाव-नंबर लावलेली शी मला चालते. समोर बसून चहा पाजणाऱ्या माणसाच्या पोटातून बाहेर आलेली चालली नाही. कशाचीच किळस न येणारी मी! काकांनी बघितलं नाही. ते खाली बघत होते, "सॉरी हां, सॉरी," म्हणत कड दाबत होते. तू मात्र त्यांच्या पोटाकडे बघतच नव्हतीस. तू माझ्याकडे बघत होतीस. नाकाला ओढणी लावणाऱ्यांकडे बघायचीस तसं बघितलं असतंस तर परवडलं असतं. तू नुसती बघत राहिलीस.

पनवेल स्टँडला रिक्षातून उतरताना म्हणालीस, "ऑप्रेशन नाय करायचं."

"अगं पण का?"

"बाजारात बसतंय मी. लोकं आदीच नाक धरतात."

लोकं म्हणालीस. माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी ती पळवाट दोन्ही हातांनी पकडली. पुढचं दीड वर्ष आपण काय भांडलो गं! मी म्हणायचे, लोकांचं काय घेऊन बसलीस, लोक गेले खड्ड्यात. तू कारणं काढायचीस. नारळी पौर्णिमा होऊ दे. मुलीची दहावी होऊ दे. विमानतळात घरं जातात का राहतात ते कळू दे. मी चिडायचे, "मूर्ख आहेस तू, अडाणी आहेस." अडाणी! तू! मी तुला पेशी समजावल्या, औषधं समजावली, ऑपरेशनच्या टेबलावर काय करतात ते समजावलं. "रंजू, त्या दिवशी माझं चुकलं," एवढं काही तोंडातून निघालं नाही. मनात म्हणायचे, तिने बघितलंच नसेल. आणि बघितलं असलं तरी एवढ्याशा गोष्टीवर कोण जीव टांगणीला लावतं? आयुष्यभर लोकांनी जिच्याकडे बघून नाक धरलं, ती लावते. हे कळायला मला कुठल्या मशीनची गरज नव्हती.

दीड वर्ष तू पेजेवर आणि गाळलेल्या कालवणावर काढलंस. सकाळी काही खायचीच नाहीस, म्हणजे बाजारात कळ येणार नाही. आली तर बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून लुगड्याखाली पोटाला लावायचीस आणि वर तोंडाने "ताजी कोलंबी घ्या ताई" चालू. मी कधी आले की पापलेटाचा कल्ला उघडून दाखवायचीस, "बग, लालबुंद, तुज्यासाठी ठेवलंय." तुझ्या पोटाला ज्यातला एक घास सोसत नव्हता, ते तू मला साफ करून द्यायचीस. आणि मी ते घरी नेऊन तळून खायचे. आता ताटात मासळी आली की घास फिरतो तोंडात.

शेवटी ते व्हायचं तेच झालं. बाजारात, पाटीपुढेच तू ओकलीस. हिरवं, मग काळपट, घाण वासाचं. बायका ओरडल्या. एक साहेबी गिऱ्हाईक म्हणालं, "मच्छीवर ओकली, शी! हिला बसू कसं देतात इथे?" हे सगळं मला शेजारच्या पाटीवालीने नंतर सांगितलं. तिनेच मला मिस्ड कॉल दिला होता. मी पोचले तेव्हा तू बर्फाच्या पाण्यात आडवी होतीस, पोट दगडासारखं, आणि कोणीतरी तुझ्यावर नाही, तुझ्या भोवतीच्या फरशीवर बादलीने पाणी मारत होतं. माणूस आडवं पडलंय आणि हे फरशी धुताहेत! थू!

आतडं अडून वरच्या बाजूला फुटलं होतं. पोटात सगळीकडे पू. अशा पोटात टाके धरत नाहीत, म्हणून शेवटी पिशवी लागलीच. सर्जनने बाहेर येऊन मला चार बोटं दाखवली. "एवढाच तुकडा होता बिघडलेला. वर्षभर आधी आणली असती तर कापून तिथल्या तिथे जोडला असता. पिशवी बहुतेक लागलीच नसती." मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" ते म्हणाले, "शंभर टक्के कोण सांगणार? पण मला तरी लागेल असं वाटलं नसतं."

तो तुकडा आमच्याच लॅबला आला. मॅडम म्हणाल्या, तू नको करूस, दुसरी करेल. मी म्हटलं, मीच करणार. मेणात बसवला, कापला, वण निळा दिसतो तो खास रंग लावला. चांगल्या आतड्यात निळी रेघ असते, दोऱ्याएवढी. तुझ्यात निळ्याशिवाय काही नव्हतंच. सगळी भिंत निळी, मधून जायला जेमतेम वाट. राखणदार पेशींची चार-दोन टोळकी कुठे कोपऱ्यात, बाकी सामसूम. इतका राग आला मला त्या सांधणाऱ्यांचा! कोणी सांगितलं होतं एवढं शिवायला? मग मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि बेसिनमध्ये ओकले. लॅबमध्ये इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या निळ्याची नाही आली गं किळस. दीड वर्ष ते विणलं जात होतं आणि ते थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं, त्याची आली.

ऑपरेशननंतर तू नऊ दिवस होतीस. जंतू रक्तात गेले होते, तरी मध्ये तीन-चार दिवस तू चांगली बोलत होतीस, म्हणून आम्हाला आशा. पिशवी मी रिकामी करायचे, मी धुवायचे. तुझ्या नवऱ्यालाही हात लावू दिला नाही. आणि तू एकदाही पोटाकडे बघितलं नाहीस. तू माझ्या तोंडाकडे बघायचीस. माझ्या नाकाकडे. मला कळत होतं ते, म्हणून मी चेहरा अगदी ताठ ठेवायचे, ओठ मिटून, श्वास रोखून. नाकाचा काय भरवसा? एकदा दगा दिलेलं नाक. पुन्हा हललं असतं तर मी काय केलं असतं?

सातव्या दिवशी दुपारी मी कड दाबत होते. तू अगदी हळू, हसूनच म्हणालीस, "श्वास घे गो बाय. किती वेल रोखशील? मरशील."

तेव्हा सांगायचं होतं ना, रंजू. सुकापूरचं सांगायचं होतं. वास येतोय, पण तुझाय, मला त्याचं काही वाटत नाही, मी फक्त माझ्या नाकाला घाबरलेय, हे सांगायचं होतं. तू वाटच बघत होतीस, दीड वर्ष वाट बघत होतीस. मी म्हणाले, "अगं नाही, सर्दी झालीय मला."

तू मान हलवलीस. चादर पोटावर ओढून घेतलीस. आणि पुढचे दोन दिवस पिशवी भरली की मला न सांगता नर्सला हाक मारत राहिलीस.